टेकाडावरचा दुसरा खड्डा

१

सोमवारी सकाळी नऊ वाजता मी टेकाडावर पोचले, तेव्हा खड्डा आधीच खणलेला होता.

तो खणायला आम्हीच आलो होतो. परवानगीचा कागद माझ्या पिशवीत होता आणि चार मजूर कुंपणाबाहेर उभे होते. चार हजार वर्षांपूर्वी माणसांनी हाताने माती वाहून आपल्या मेलेल्या माणसावर हे टेकाड रचलं. ते संरक्षित आहे, तिथे नवं काही खणता येत नाही. अडतीस वर्षांपूर्वी एकदा उत्खनन झालं होतं. तोच जुना, बुजवलेला खड्डा पुन्हा उघडून त्याच्या तळाच्या मातीचे नमुने प्रयोगशाळेत न्यायचे, एवढंच माझं काम.

खड्डा एक मीटर लांब, एक मीटर रुंद होता. मी टेप टाकला, खोली सत्तर सेंटिमीटर. आत एक फावडं पडलं होतं. त्याच्या दांड्याला लाल चिंधी बांधलेली.

"माझंच आहे, शेडमधलं," रखवालदारकाका म्हणाले. "पण मी खणलेलं नाही."

पुरातत्त्व विभागाचे साहेब कपाळ चोळत उभे होते. "काका, जुना खड्डा वरून दिसत नाही. सगळीकडे सारखं गवत. ती जागा नेमकी कोणाला माहीत आहे?"

"मला. वडील त्या कामावर मजूर होते. त्यांनी दाखवली होती."

"आणि काल रविवारी तुम्ही कुठे होतात?"

"बाहेर."

"बाहेर म्हणजे?"

काकांच्या मागे काकू उभ्या होत्या, पदराचं टोक मुठीत. "अहो, सांगा की!"

"तू गप्प बस."

साहेब वाईट माणूस नव्हते. त्यामुळेच त्यांचं बोलणं जास्त लागलं. "पाच वाजता मला अहवाल पाठवावा लागेल. फावडं तुमचं, जागा तुम्हाला माहीत, आणि काल कुठे होतात ते सांगत नाही. नोकरी जाईल, ही खोली जाईल, वर गुन्हा दाखल होईल. विचार करा."

टेकाडाच्या पायथ्याची ती एक खोली. काका-काकू तिथे सव्वीस वर्षं राहत होते.

मी पुन्हा खड्ड्यात वाकले. मातीशी माझी ओळख माणसांपेक्षा जुनी आहे, म्हणून लोक मला मातीवाली म्हणतात. खड्ड्याच्या चारही भिंतींवर काळा, तांबूस, करडा, पुन्हा काळा असे पातळ थर होते, वहीच्या रेघांसारखे सलग.

बुजवलेल्या खड्ड्यात थर राहत नाहीत, सगळी माती कालवलेली असते. इथे चार हजार वर्षांत कोणाचा हात लागलेला नव्हता.

म्हणजे चोराने जुना खड्डा उघडलाच नव्हता. तो चुकीच्या जागी खणत होता.

२

हे मी लगेच कोणाला सांगितलं नाही. अर्धवट मोजलेली गोष्ट बोलू नये, असं प्रयोगशाळेत शिकवतात.

आधी मी नीट पाहून घेतलं. गवत मुळासकट चौकोनी कापून, गवताला गवत लावून एका बाजूला रचलेलं होतं, म्हणजे परत बसवलं की जगतं. काढलेली माती दुसऱ्या बाजूला, काठापासून हातभर लांब. भुरटा चोर एवढी टापटीप ठेवत नाही. शिवाय तो सत्तर सेंटिमीटरवर थांबतही नाही. जुना खड्डा एक मीटर चाळीस खोल होता, हे पुस्तकातच छापलेलं आहे. मग अर्ध्यावर काम का सोडलं?

पहिला गाठला तो शेजारचा फळबागवाला. टेकाडाच्या संरक्षित हद्दीमुळे त्याच्या ट्रॅक्टरला लांबून वळसा पडतो. त्यावरून त्याची विभागाशी सहा वर्षं जुंपलेली.

"या, या," तो फवारणीचा पंप खाली ठेवत म्हणाला. "मला वाटलंच होतं. काहीही झालं की आधी माझ्या दारात."

"रविवारी टेकाडावर कोणी दिसलं?"

"मी दिवसभर मागच्या बाजूला फवारत होतो. दहाच्या बसने काका-काकू गेले, तेवढं पाहिलं. चारच्या बसने आले."

"कुठे गेले होते?"

"मला सांगून जातात काय? काकूंच्या हातात फाइल होती."

"तुमच्याकडे उत्खननाचं पुस्तक आहे?"

"आहे ना. वकिलाने विकत घ्यायला लावलं. आराखडा, मोजमाप, सगळं तोंडपाठ आहे माझं." मग तो जवळ आला. "हे बघा मातीवाल्या बाई, मला त्या टेकाडाचा राग आहे, हे सगळ्या जगाला ठाऊक आहे. पण राग आला असता तर नांगर घातला असता. गवताच्या घड्या घालत बसलो असतो का?"

मी हसले नाही, पण हसू येत होतं. गवत रचून ठेवलंय हे त्याला कसं कळलं, ते मात्र विचारलं.

"कुंपणातून दिसतंय! आंधळा नाहीये मी."

परत येताना मी काकूंना एकटं गाठलं. त्या चुलीपाशी काहीच करत नव्हत्या, नुसत्या उभ्या होत्या.

"काकू, फाइल कसली?"

त्यांचा चेहरा क्षणात उतरला. "बाळ, ते विचारू नकोस. ते कळलं तर चोरी न करताही यांची नोकरी जाईल."

३

टेकाडापासून वीस मिनिटांवर संग्रहालय आहे. मधल्या दालनात, वेगळ्या काचेत, एकच वस्तू ठेवलेली: नखाएवढ्या दगडावर कोरलेलं हरीण. अडतीस वर्षांपूर्वी याच टेकाडात, एक मीटर चाळीसवर, सांगाड्याच्या गळ्याजवळ सापडलेलं. ते हरणाचं पदक शाळेच्या पुस्तकात आहे, टपाल तिकिटावर आहे. सापडलं तेव्हा खड्ड्यात उतरलेली वीस वर्षांची विद्यार्थिनी आज त्या संग्रहालयाची संचालक. सगळे तिला बाई म्हणतात. पुढच्या महिन्यात त्या दालनाला बाईंचं नाव देणार होते.

बाईंनी मला खुर्ची दिली, पाणी दिलं. आवाज शांत होता. उजव्या तळहातावर चिकटपट्टी होती.

"बागेत काम करताना," मी बघतेय हे पाहून त्या म्हणाल्या. "मी साहेबांना फोन केलाय. टेकाड वर्षभर पूर्ण बंद ठेवा म्हणून सांगितलंय. उत्खननही नको, नमुनेही नकोत."

"पण जुना खड्डा उघडला तर नुकसान काहीच नाही."

"आता चोरांचं लक्ष गेलंय तिथे. धोका नको."

"बाई, उत्खननाची मूळ वही बघायला मिळेल? जागेवर लिहिलेली?"

"ती कोणालाच मिळत नाही." यात त्यांचा अभिमान होता. "माझ्याच हातची आहे ती. मोजमापं मी घेतली होती. कपाटाला कुलूप आहे आणि चावी माझ्या गळ्यात. अडतीस वर्षांत ती वही दुसऱ्या कोणी उघडलेली नाही. तुम्हाला पुस्तकातला आराखडा पुरेल."

"उत्खनन करणाऱ्या सरांनीसुद्धा नाही पाहिली?"

"पुस्तक लिहिताना पाहिली, तेवढीच. मग माझ्याकडे दिली. का?"

"काही नाही. सवय."

दारापर्यंत गेले तोच त्यांनी विचारलं, "त्या खड्ड्यात काही सापडलं का?"

"काहीच नाही."

बाईंनी सोडलेला श्वास मला खोलीच्या या टोकाला ऐकू आला. तो सुटकेचा होता की निराशेचा, हे मला तेव्हा ठरवता आलं नाही.

४

सर म्हणजे ते उत्खनन ज्यांनी केलं ते. वय ब्याऐंशी, दोन्ही गुडघे निकामी. हातात भिंग आणि समोर वर्तमानपत्र घेऊन बसले होते. मी सगळं सांगितलं.

"म्हणजे संशयितांत मी पण आहे?" ते खूश झाले. "छान. जिना चढलो तरी लोक टाळ्या वाजवतात हल्ली."

"सर, जुन्या खड्ड्यात चोरण्यासारखं काय उरलं होतं?"

"काही नाही. सगळं वर काढलं. फक्त बाटली."

"बाटली?"

"आमची रीत होती. खड्डा बुजवण्याआधी तळाशी एक काचेची बाटली ठेवायची, बुचावर मेण ओतून. आत कागद. पुढे कोणी खणलं तर त्याला कळावं की आधी माणसं येऊन गेली आहेत, कधी आली, कोण होती. त्या कागदावर कामावरच्या प्रत्येकाने एक ओळ लिहायची, आपल्याला काय सापडलं ते. मजुरानेसुद्धा. माझा तो आग्रहच होता."

"त्या कागदावर काय आहे?"

"मी वाचलाच नाही. शेवटचे तीन दिवस मी तापाने फणफणलो होतो. पदक सापडलं तेही मला बिछान्यात कळलं. सगळं तिने सांभाळलं. हुशार पोरगी."

माझ्या हातातलं पुस्तक मी उघडलं. आराखड्याखाली लिहिलं होतं: हद्दीच्या दगडापासून सोळा मीटर, कोन चोपन्न अंश. आणि त्याखाली मुंगीएवढ्या अक्षरात एक टीप: वहीतला मूळ कोन सात अंशांनी कमी केला आहे.

"सर, हे सात अंश कशाचे?"

"अगं, होकायंत्राची सुई खऱ्या उत्तरेला थोडीच चिकटून बसते? दरवर्षी इकडेतिकडे सरकते. तेव्हा ती सात अंश पश्चिमेला होती. वहीत होकायंत्राने घेतलेला कोन होता, तो मी पुस्तकात दुरुस्त केला. आज तर सुई जवळजवळ खऱ्या उत्तरेवरच आली आहे, पेपरात होतं मध्ये." त्यांनी भिंग खाली ठेवलं. "तुझा चेहरा असा का झाला?"

घड्याळात एक वाजून दहा मिनिटं झाली होती. "सर, माझ्याबरोबर टेकाडावर येता का? गाडीत बसूनच राहा. पण या."

५

दोन वाजता मी हद्दीच्या दगडापाशी कोन मोजायचं यंत्र लावलं. पुस्तकातल्या चोपन्न अंशांवर सोळा मीटर गेले आणि तो बिंदू माझ्या वहीत लिहून घेतला. खुंटी ठोकली नाही. तिथे फक्त गवत होतं. चोराचा खड्डा तिथून उजवीकडे, मध्यापासून मध्यापर्यंत एक मीटर पंचाण्णव.

मग त्या खड्ड्याच्या मध्याचा कोन मोजला. एकसष्ट अंश.

मी दोनदा मोजला. तिसऱ्यांदाही मोजला.

"काका," मी हाक मारली. साहेब, फळबागवाला, मजूर, सगळे बघत होते. बाईही आल्या होत्या, टेकाड बंद करण्याचं पत्र हातात घेऊन. "जुना खड्डा कुठे होता, ते मला दाखवा."

"ताई, आणखी कशाला अडकवता मला?"

"चालून दाखवा फक्त."

काकांनी चपला काढल्या. मान वर करून, गवताकडे न बघता ते चढू लागले, पाऊल सावकाश टाकत, टाच दाबत. चोराच्या खड्ड्याकडे ते वळलेसुद्धा नाहीत. एका जागी थांबले, जरा मागे आले. "इथे. भरलेली माती पायाला कळते, जरा दबते. सकाळपासून मी म्हणतोय, पण मला कोणी विचारतच नाही. सगळे विचारतात, रविवारी कुठे होतात."

मी टेप लावला. माझ्या वहीतल्या बिंदूपासून अकरा सेंटिमीटर.

"साहेब," मी म्हणाले, "ज्याला जागा पायाने कळते, तो दोन मीटर चुकेल का? परवानगी जुन्या खड्ड्याची आहे. आत्ता उघडू या. पाचला अजून अडीच तास आहेत."

"थांबा!" बाई पुढे आल्या. "हे मला मान्य नाही. टेकाड बंद व्हायला हवं."

साहेबांनी घड्याळ पाहिलं, काकांकडे पाहिलं. "परवानगी मीच दिली आहे, बाई. खणा."

६

माती खरंच कालवलेली होती. दीड मीटरच्या चौकोनात मजूर थराथराने खाली जात होते, मी प्रत्येक घमेलं चाळत होते. बाई एका खुर्चीत ताठ बसल्या होत्या. सरांना गाडीतून उचलून आणलं होतं. चार वाजले. साडेचार. एक मीटर वीस. काकू पायथ्याशी खोलीच्या दारात उभ्या होत्या आणि काकांनी तिकडे पाठ केली होती.

पाच वाजायला दहा मिनिटं असताना थापी काचेवर वाजली.

बाटली अख्खी होती. मी ती वर आणली, पण उघडली नाही.

"आधी ऐका," मी म्हणाले. "खणणाऱ्याला हीच बाटली हवी होती, कारण खाली दुसरं काहीच नाही. त्याला माती कळत होती. सत्तर सेंटिमीटरवर न हललेले थर दिसले आणि आपण चुकलो हे त्याला समजलं, म्हणून तो थांबला. दुसरा खड्डा घ्यायला वेळ नव्हता, परतीची बस चारची होती, काका तिनेच येणार. घाईत शेडमधून आणलेलं फावडंही खड्ड्यातच राहिलं. पण तो चुकला कसा? काकांना जागा पायाने माहीत. सरांना सुई सरकते हे माहीत. बाकी कोणीही पुस्तक घेऊन आला असता तर चोपन्न अंशांवर खणलं असतं. खड्डा आहे एकसष्टवर. चोपन्न अधिक सात. हा आकडा पुस्तकात नाही. तो दुरुस्ती न केलेल्या मूळ वहीत आहे, आणि आजचं होकायंत्र घेऊन त्या वहीप्रमाणे चाललं की माणूस बरोबर इथे येतो."

फळबागवाला हळूच म्हणाला, "मग वही कोणाकडे आहे?"

उत्तर द्यायची गरज पडली नाही. बाईंनी गळ्यातली चावी मुठीत धरली होती.

"उघडा ती," त्या म्हणाल्या.

कागदावर सहा ओळी होत्या. पाचवी काकांच्या वडिलांची. अक्षर मोठं, नुकतंच शिकल्यासारखं. मी मोठ्याने वाचली: "मला वरच्या मातीत, गवताच्या मुळांत, वीतभर खाली हरणाचं पदक सापडलं. ते मी बाईंच्या हातात दिलं."

काकांनी टोपी काढली.

"मुळांत सापडलं म्हणजे कोणाच्याही पिशवीतून पडलेलं असू शकतं," बाई म्हणाल्या. त्या फक्त सरांशी बोलत होत्या. "गळ्याजवळ सापडलं म्हटलं की चार हजार वर्षांचं होतं. तुम्ही तापात होतात. मी सांगितलं, तुम्ही विश्वास ठेवला. त्यांनी ओळ लिहिली तेव्हा मी समोरच होते. वाटलं, कोण उघडतंय आता ही बाटली. मग या मुलीचं नमुन्यांचं पत्र आलं."

"तू जागा विसरलीस?" सरांनी विचारलं. पदकाचं नाही, हेच विचारलं.

"गवत सगळं सारखं आहे, सर. आठवणीपेक्षा मी माझ्या वहीवर विश्वास ठेवला."

"उत्तर सरकते, हे मी पहिल्याच वर्षी शिकवलं होतं."

"त्या तासाला मी नव्हते." त्यांनी चावी साहेबांच्या हातात दिली. "काकांनी केलं, असं मी कुठेच म्हटलं नव्हतं."

"नव्हतं म्हटलं, बाई," काका म्हणाले. "पण सकाळपासून तुम्ही गप्पही होतात."

साहेबांनी बाईंना गाडीपर्यंत नेलं. परत आले ते खोलीच्या पायरीवर बसले आणि अहवालाचा कागद मांडीवर घेतला. काकांचं नाव खोडलं. खोडलेलं नाव काकांना दाखवलं.

काकांनी तो कागद हातभर लांब धरला, मग जवळ आणला, मग परत दिला. "साहेब, मला ते वाचता येत नाही."

"म्हणजे?"

"दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. रविवारी दवाखान्यात होतो. आमच्या आधीच्या रखवालदाराला डोळ्यांवरूनच काढलं होतं, म्हणून बोललो नाही. पण आज वडिलांची ओळ सगळ्यांसमोर वाचली गेली. आता मी लपवत बसलो तर बरं दिसणार नाही. तेही लिहा त्यात."

साहेबांनी पेन उचललं. काकूंनी दाराची चौकट धरली.

"मोतीबिंदूला किती दिवस लागतात?" साहेबांनी विचारलं.

"डॉक्टर म्हणाले, पंधरा."

"मग हे अहवालात कशाला? रजेचा अर्ज वेगळा द्यायचा असतो." त्यांनी वहीतलं एक कोरं पान फाडलं. "आत्ताच द्या. परत आलात की आधी तो चोराचा खड्डा बुजवायचा आहे. तोवर गवत सुकू नये म्हणून मजूर ते झाकून ठेवतील."

काकांनी ते पान घेतलं आणि डोळ्यांजवळ नेलं.

"आणा इकडे, मी लिहिते," काकूंनी ते पान ओढून घेतलं आणि पायरीवरच बसल्या. "तीन महिने सांगतेय, डोळे दाखवा, साहेबांना सांगा. पण बायकोचं ऐकायला या माणसाला एक खड्डा, एक बाटली आणि अख्खं खातं लागतं. तारीख काय आज?"